पानशेतचं पाणीही इथे आलं नव्हतं: पूररेषेबाहेरच्या घराचा विमा कसा घ्यावा

1998 साली आम्ही हा तळमजल्यावरचा फ्लॅट बघायला आलो तेव्हा सासूबाईंनी बिल्डरच्या माणसाला एकच प्रश्न विचारला होता, "पानशेतचं पाणी इथवर आलं होतं का हो?" पुण्यातल्या त्यांच्या पिढीचं मोजमापच ते. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्या नारायण पेठेत होत्या, गच्चीवरून त्यांनी लोकांचे संसार वाहून जाताना बघितले होते. तो माणूस हसला. "आजी, नदी कुठे, आपण कुठे!" त्याचं काही चुकलं नव्हतं. अरण्येश्वरापासून चालत दहा मिनिटांवरची ही गल्ली, नदीच्या पूररेषेशी हिचा काडीचा संबंध नाही.

25 सप्टेंबर 2019 च्या बुधवारी रात्री आमच्या हॉलमध्ये कमरेइतकं पाणी होतं, आणि ते नदीचं नव्हतंच. आंबील ओढ्याचं होतं. हा ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो, तलावातून खाली येतो, पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा गावातून जाऊन मुठेला मिळतो. एरवी त्यात सांडपाण्याची एक काळी रेघ असते. त्या रात्री कात्रजच्या बाजूला मुसळधार पाऊस कोसळला आणि तासाभरात ओढ्याने आपली जुनी जागा परत घेतली. सोसायट्यांच्या भिंती कागदासारख्या पडल्या. टांगेवाले कॉलनीत भिंतीखाली माणसं गेली. शहर आणि आजूबाजूला मिळून वीसच्या वर बळी गेले. त्यापुढे आमचं नुकसान म्हणजे काहीच नाही, हे आधीच सांगून टाकते. पण हा लेख त्या "काहीच नाही"च्या हिशेबाबद्दल आहे.

पाणी आधी बाथरूमच्या जाळीतून वर आलं. आम्ही फडकी कोंबत बसलो. मग ते दाराखालून आलं, आणि मग दार आतल्या बाजूला ढकलून आलं. फ्रिज तरंगतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आधी डुगडुगला, मग आडवा होऊन होडीसारखा स्वयंपाकघरातून हॉलच्या दिशेने निघाला. नवरात्र चार दिवसांवर आलेलं, त्यामुळे गाद्या-रजया उन्हं दाखवून नुकत्या दिवाणात भरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एक कापसाची गादी उचलायला चार माणसं लागली. ट्रॉल्यांचं प्लायवूड पुरीसारखं फुगलं. स्विचबोर्डाच्या खाली चार बोटांवर पाणी थांबलं म्हणून आम्ही वाचलो.

पहाटे जिन्यात बसल्या बसल्या हे म्हणाले, "अगं, आपला होम लोनचा विमा आहे ना?"

मी बँकेत नोकरी केली, त्यातली बावीस वर्षं कर्ज विभागात. अशा विम्याच्या अर्जावर मी स्वतः शेकडो लोकांच्या सह्या घेतल्यात. तरी क्षणभर मलाही वाटलं, हो, आहे की! नव्हता. होम लोनबरोबर जो विमा गळ्यात पडतो तो बहुतेक वेळा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. आपण गेलो तर बँकेचं कर्ज फिटतं, घर भिजलं तर काही नाही. काही बँका घराच्या ढाच्याचाही उतरवतात, पण तो कर्जापुरता. कर्ज फिटलं की तोही संपला. आमचं कर्ज 2014 साली फिटलं, तेव्हा मी पेढे वाटले होते. म्हणून पहिलं काम हे करा: आत्ता उठा, कर्जाची फाइल काढा आणि तो विमा जीवनाचा आहे की घराचा, चालू आहे की संपलाय, ते बघा. माझ्या ओळखीत दहातल्या आठ जणांना हे सांगता येत नाही आणि त्यात निवृत्त बँकवालेही आहेत.

आता पूररेषेचं. आपल्याकडे जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदा" ऐकलं की आपण निश्चिंत होतो, आपल्या नातवाचं बघून घेईल म्हणतो. पण त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक, असा आहे. वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत लाल रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता 18 टक्के होते. निळ्या रेषेवर हीच शक्यता 56 टक्के. कॅल्क्युलेटर घेऊन करून बघा, मी दोनदा केलं.

शिवाय त्या रेषा नदीच्या आहेत. तुंबलेल्या नाल्याची, बुजवलेल्या ओढ्याची, वरच्या टेकडीवर काँक्रीट ओतल्यामुळे खाली धावत येणाऱ्या पाण्याची रेषा तुमच्या खरेदीखताला कोणी जोडत नाही. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं ते सगळे काही मिठी नदीच्या काठावर राहत नव्हते. सांगलीत 2005 चं पाणी जिथे थांबलं तिथे लोकांनी भिंतीवर खुणा करून ठेवल्या होत्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि त्या खुणा पाण्याखाली गेल्या. सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. फक्त त्यांनी एकाच पाण्याची चौकशी केली होती.

म्हणून घराजवळून वाहतं काय, ते आधी शोधा. जुन्या रहिवाशांना विचारा, गल्लीतला सगळ्यात म्हातारा दुकानदार गाठा. रस्त्याला उतार कुठे आहे, पावसात पाणी कुठून कुठे पळतं, जवळच्या मोरीच्या तोंडाशी काय अडकलेलं असतं, हे छत्री घेऊन एकदा भर पावसात बघून या. आमच्या मागे दोन गल्ल्या सोडून ओढा आहे हे मला वीस वर्षं माहीत होतं. तो आमच्या जोत्यापेक्षा किती खाली आहे, हे मी कधी बघितलं नव्हतं.

विम्याबद्दल पहिली चांगली बातमी ही की आपल्याकडे पुराचा वेगळा विमा शोधत फिरावं लागत नाही. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकाने सगळ्या साधारण विमा कंपन्यांना (म्हणजे जीवन विमा सोडून बाकीचे विमे विकणाऱ्यांना) "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी विकायला लावली आहे. आग, वीज, भूकंप, दरड, वादळ यांच्याबरोबर पूर आणि पाणी साचून होणारं नुकसान त्यात मुळातच धरलेलं आहे. घर पूररेषेत आहे की बाहेर, याने त्यात फरक पडत नाही. कंपनी कुठलीही घ्या, मूळ अटी त्याच. वरून चिकटवलेल्या जादा गोष्टींमध्ये आणि हप्त्यात काय तो फरक, म्हणून तीन ठिकाणी भाव विचारा. माझा वर्षाचा हप्ता आम्हा दोघांच्या मोबाइल रिचार्जपेक्षा कमी आहे. हे मी ह्यांना दरवर्षी ऐकवते.

रक्कम ठरवताना लोक जी चूक करतात ती आमच्या सोसायटीत तिघांनी केली, म्हणून जरा सविस्तर सांगते. विमा फ्लॅटच्या बाजारभावाचा नसतो. पुण्यातल्या फ्लॅटच्या किमतीत जमिनीचाच वाटा मोठा, आणि जमीन पुरात बुडाली तरी जागची हलत नाही. विमा असतो पुन्हा बांधायच्या खर्चाचा. कार्पेट क्षेत्रफळ गुणिले त्या भागातला बांधकामाचा चौरस फुटाचा दर. समजा 750 चौरस फूट आणि 2,500 रुपये दर धरला, तर 18 लाख 75 हजार. बाजारभाव ऐंशी लाख असला तरी ऐंशीचा विमा काढून हप्ता वाया घालवू नका. दर स्वतःच्या मनाने घालू नका, एखाद्या ओळखीच्या सिव्हिल इंजिनियरला विचारा.

घराचा विमा घेतला की आतल्या सामानाचा त्याच्या 20 टक्के आपोआप मिळतो, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत. वरच्या उदाहरणात ते 3 लाख 75 हजार होतात. इथे थांबा आणि विचार करा. पुरात तळमजल्यावरच्या घराच्या भिंती सहसा उभ्या राहतात, जातं ते सामान. फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा, दिवाण, कपाटाचा खालचा अर्धा भाग, स्वयंपाकघर. मी एका रविवारी वही घेऊन खोली-खोलीत बसले आणि आज नवीन घ्यायचं तर काय पडेल, ते लिहीत गेले. बेरीज बघून दोनदा पुन्हा केली. तुमची यादी 20 टक्क्यांच्या वर गेली तर ती जोडून जास्त रक्कम मागा, मिळते. भाड्याने राहत असाल तर फक्त सामानाचा विमा घेता येतो, घरमालकाची वाट बघू नका.

दागिने, चित्रं, चांदीची भांडी हे वेगळं कलम आहे, ते मागितल्याशिवाय येत नाही. एकूण 5 लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू 1 लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. रोख पैसे, कागदपत्रं, चेक आणि गाडी मात्र घराच्या या विम्यात येत नाहीत. आमच्या समोरच्या काकूंच्या पिठाच्या डब्यात भिशीचे अठरा हजार होते. कणकेसकट गेले.

जुन्या पॉलिसींमध्ये एक कात्री असायची. घर वीस लाखांचं, विमा दहाचा, तर चार लाखांचं नुकसान झालं तरी दोनच मिळायचे. गृह रक्षामध्ये ही कात्री काढून टाकली आहे. कमी रक्कम लिहिली तर कमाल मर्यादा कमी होते, पण छोट्या दाव्याला कापाकापी होत नाही. घर राहण्याजोगं नसेल तर दुसरीकडच्या भाड्याचाही त्यात भाग आहे, आणि गाळ-राडारोडा हलवायच्या खर्चासाठी दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत तरतूद आहे. 2 टक्के ऐकायला थोडे वाटतात. आमच्याकडे नुसता चिखल काढायला तीन दिवस आणि दोन माणसं लागली होती.

अर्ज भरताना तळमजला असेल तर तळमजलाच लिहा. पूर्वी पाणी आलं असेल तर तेही लिहा. हप्ता थोडा वाढला तर वाढू दे. लपवलं आणि नंतर सापडलं तर दावा तिथेच अडकतो, आणि पाण्याचा डाग भिंतीवर दहा वर्षं राहतो हे सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान बघायला येणाऱ्या माणसाला, आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. "एक्सेस" हा शब्द पॉलिसीत शोधा. दाव्यातली तेवढी सुरुवातीची रक्कम आपल्या खिशातली.

सोसायटीत राहत असाल तर सचिवांकडे जाऊन इमारतीची पॉलिसी मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमांत, आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीने उतरवावा असं म्हटलंय. पुराचं नाव त्यात नाही, म्हणून आपल्या सोसायटीच्या कागदावर पूर आहे का, कंपाऊंडची भिंत, पंप, लिफ्ट आणि मीटरची खोली धरली आहे का, हे डोळ्यांनी वाचा. आमच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे कुठे येणार पाणी?" त्यांची गाडी पार्किंगमध्ये छतापर्यंत बुडाली होती, ती बहुधा विसरले. लिफ्ट आणि पंप तर सगळ्यांचेच बंद होते, तेही अकरा दिवस.

गाडीचंही सांगून टाकते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक लागतो. आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू होते का, हे कृपा करून बघू नका. पाणी इंजिनात ओढलं जातं, इंजिन जागीच आवळतं, आणि ते नुकसान "तुम्ही चावी फिरवल्यामुळे झालं" असं म्हणून नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं जोड-कलम मिळतं. नसेल घेतलं, तर गाडी ढकलत किंवा टो करून गॅरेजला न्या. फ्रिज आणि मशीनचंही तसंच. वाळवले, प्लग लावला आणि आत शॉर्ट झालं, तर शॉर्ट सर्किटच्या नावाने वाद सुरू होतो. आधी मिस्त्रीकडून तपासून लेखी घ्या.

सगळ्यात जास्त शिकले ते शेजारच्या ताईंकडून. आमच्या मजल्यावर 2019 साली घरगुती विमा असलेल्या त्या एकट्या. त्यांनी सकाळीच कंपनीला फोन लावला, दाव्याचा क्रमांक घेतला आणि तो दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवला. सर्व्हेअर आला तो टेप आणि पेन्सिल घेऊन. भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेपर्यंतची उंची मोजली, चारी खोल्यांत मोजली. मग फ्रिजच्या मागे वाकून मॉडेल क्रमांकाची पट्टी पुसून तिचा फोटो घेतला. ताईंना वाटत होतं, बिलं मागेल. बिलं सगळी भिजून लगदा झाली होती. त्याला पुरावा हवा होता की ही वस्तू होती, इथे होती आणि पाण्याखाली होती. ताईंकडे मुलीच्या साखरपुड्याचे फोटो होते. त्यात पाहुण्यांच्या मागे टीव्ही, सोफा, शोकेस सगळं दिसत होतं. त्यावर बरंचसं निभावलं.

अडचण आली ती कचऱ्याच्या ट्रकची. दुसऱ्याच दिवशी महापालिकेच्या गाड्या आल्या, वास सुटलेला, सगळ्यांनी गाद्या-फर्निचर भराभर फेकलं. ताईंनीही अर्धं फेकलं. सर्व्हेअरच्या यादीत फेकलेलं बसवताना त्यांना घाम फुटला. म्हणून सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही टाकू नका, आणि टाकणं भागच असेल तर आधी प्रत्येक वस्तूचा फोटो, भिंतीवरची पाण्याची रेघ मागे दिसेल असा, मॉडेलच्या पट्टीचा वेगळा फोटो, आणि "हे आता टाकत आहोत" असा निरोप सर्व्हेअरला व्हॉट्सॲपवर. उत्तर आलं नाही तरी निरोपावर वेळ उमटलेली असते. तलाठी किंवा महापालिकेचे लोक पंचनामा करायला आले तर प्रत मागून घ्या. सरकारी मदत मिळेल तेव्हा मिळेल, पण विम्याच्या दाव्याला तो कागद जोडता येतो.

दावा नाकारला किंवा तुटपुंजा दिला तर भांडू नका, लिहा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात आणि मुंबईत दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाच्या आत जायचं. नियामकाचा तक्रारीचा फोन 155255. बँकेत काउंटरच्या आत बसलेल्या बाईचं ऐका: तोंडी तक्रार हवेत जाते, आवक क्रमांक असलेली तक्रार टेबलावर राहते.

आणि पॉलिसी कपाटाच्या तळाशी ठेवू नका. हे लिहिताना मला हसू येतंय, पण ताईंची मूळ पॉलिसी बुडलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात होती. खरेदीखत, इंडेक्स टू, पॉलिसी, सगळ्याचे फोटो फोनमध्ये आणि मुलाला मेलवर. मूळ कागद झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, माळ्यावर.

मी नूतनीकरणाची तारीख मुद्दाम मे महिन्यात पाडून घेतली आहे. जूनचे ढग बघून पळापळ करायची नाही. पाणी दारात आल्यावर त्या पाण्याचा विमा कोणी देत नाही. लोणच्याच्या कैऱ्या आणायच्या त्या आठवड्यात मी फोन घेऊन घरभर फिरते आणि व्हिडिओ काढते. कपाटं उघडते, फ्रिजची पाठ, मशीनची पट्टी, दिवाणाच्या आतलं, सगळं, मोठ्याने नावं घेत. यंदाच्या व्हिडिओत मध्येच ह्यांचा आवाज आहे, "अगं, त्या बरण्यापण घे, चिनी मातीच्या, आईच्या आहेत." त्या मी यादीत घातल्या आणि खालच्या फडताळातून उचलून वरच्या फळीवर ठेवल्या.